पाइप आतून खाल्लान

सकाळी सात चाळीसला, डोक्याला जाळीची टोपी घालायच्या आधी, सावित्री कळंबटे नळाखाली एक चिंधी भिजवायची. बोटभर रुंद, वीतभर लांब, जुन्या धोतराची, हळदीच्या पाण्यात रंगवून सावलीत वाळवलेली. पाणी निथळलं की ती चिंधी काठीच्या टोकाला बांधायची आणि कोळंबी सोलायच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीवरून जो जाड पाइप गेलाय, त्याच्या तीन जोडांपाशी एकेक करून धरायची. प्रत्येक जोडाला मनातल्या मनात वीस आकडे. चिंधी पिवळीच राहिली की काठी कोपऱ्यात, टोपी डोक्यावर, गमबूट पायात, आणि मग हाक, "चला गो बायांनो, बसा."

सत्तावीस बायका तोवर दारात उभ्या असत. त्यातली एखादी रोज म्हणायचीच, "वयनी पाइपाला हळद लावतायत. लगीन ठरलंय काय त्याचं?"

सगळ्या हसत. सावित्रीचे आकडे चुकत नसत.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या मासळीच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं होती. आधी सोलायला, मग तोलायला, आणि गेली सात वर्षं दोन नंबरच्या लाइनीची सुपरवायझर. पाइपात अमोनिया. कोळंबी दगडासारखी गोठवतो तो हाच गॅस, आणि बाहेर सुटला तर माणसाची छाती जाळतो तोही हाच. नाक त्याला सरावतं. एकोणीस वर्षांच्या नाकावर सावित्रीचा भरवसा नव्हता, म्हणून ही चिंधी.

ती तिला कोणी शिकवली नव्हती. नवीन लागली होती तेव्हा कोळंबीच्या काट्याने बोट फाटलं. हळद दाबून तिने फडकं बांधलं आणि बर्फ आणायला पाइपाखालून मागे गेली. परत येते तो फडकं लाल. रक्त थांबत नाही म्हणून घाबरून सोडून बघितलं, तर जखम सुकलेली. आणि तिच्या डोळ्यांसमोर फडकं हळूहळू परत पिवळं झालं. कॉम्प्रेसरवर तेव्हा एक म्हातारा ऑपरेटर होता. तो धावत गेला, जोड आवळून आला आणि म्हणाला, "तुझ्या बोटान गॅस पकडलान, बाय." हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसंच हे, असं त्यानेच सांगितलं. फक्त हे कुंकू टिकत नाही. गॅस उडाला की रंग उतरतो.

तो रंग उतरतो, हेच पुढे तिला नडलं.

गेल्या वर्षी ऑगस्टात तिसऱ्या जोडापाशी चिंधी लाल व्हायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग तीनदा, मग रोज. तिसऱ्या जोडाच्या बरोबर खाली राही बसायची. बावीस वर्षांची, लग्न होऊन वर्ष झालेलं, नवरा बोटीवर. तिच्या डोळ्यांना सारखं पाणी यायचं आणि बायका म्हणायच्या, "पोरीला घोवाची आठवण येते." राहीही लाजून हसायची. सावित्रीने तिला तिथून उठवून दुसऱ्या टोकाला बसवलं, पण पाट मोजके आणि जागा मोजकी. तिसऱ्या जोडाखाली कोणीतरी बसणारच होतं.

घरी भिंतीवर सोनाराने दिलेलं कॅलेंडर होतं. चिंधी लाल झाली त्या दिवशी सावित्री त्यावर लाल पेनाने ठिपका द्यायची. नवरा धाकू मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये चोवीस वर्षं कामाला. गणपतीला घरी आला तेव्हा ते ठिपके मोजून म्हणाला, "दूधवाला बराच खाडे करतो गो." तिने त्याची समजूत कधी दुरुस्त केली नाही. लेक नाटे गावात दिलेली, घरात ती एकटीच. ठिपके कोणाला सांगायचे?

सांगायचं ज्याला, त्याला तिने तीनदा सांगितलं. मेंटेनन्सचे मॅनेजर गुरुप्रसाद साहेब सांगलीकडचे, दोन वर्षांपूर्वी आलेले. माणूस वाईट नाही, पण सदा घाईत. तिसऱ्यांदा ती चिंधी घेऊन त्यांच्या केबिनपर्यंत पोचली तोवर चिंधी पिवळी झालेली. ते म्हणाले, "अहो बाई, हळदीवर प्लांट चालत नाही."

त्या संध्याकाळी तिने फुलस्केप कागद घेतला. कारखाने निरीक्षकांना अर्ज. नववीपर्यंत शिकलेली, अक्षर टपोरं. शाळेत शिकवल्यासारखं जपून जपून लिहिलं:

"मेंटेनन्सचे गुरुप्रसाद साहेब यांना तीन वेळा सांगितले. दाद दिली नाही. पाइप आतून खाल्लान. सकाळी चिंधी लाल होते. त्याच्याखाली सत्तावीस बायका बसतात. तरी साहेबांनी येऊन पाहावे."

मधल्या एका शब्दाला हात शाळेतून घरी आला आणि जिभेवर होतं तेच लिहून गेला. तिला ते कळलंही नाही. अर्ज पोस्टाने पाठवला. त्याचा फोटो "लाइन नंबर दोन" या बायकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, डोळे चुरचुरले तर लगेच उठा, वाऱ्याच्या उलट्या अंगाला पळा. आणि तोच फोटो धाकूला पाठवला.

धाकूने तो ऊर भरून वाचला. चोवीस वर्षांत बायकोने कागदावर लिहिलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं. गावची कुठलीही गोष्ट, पूजा असो की पाण्याची टाकी, मंडळाच्या ग्रुपवर गेल्याशिवाय झाली असं त्यांच्यात कोणी मानत नाही. त्याने फोटो "ग्रामस्थ मंडळ, मुंबई" वर टाकला. वर लिहिलं, "आमच्या घरातल्यांनी सरकारला पत्र लिहिले आहे." एकशे बासष्ट माणसं. ऐंशी अंगठे.

निरीक्षक आले ते दुपारी अडीचला. सावित्रीने त्यांना सांगितलं की सकाळी ब्लास्ट फ्रीझरवर साचलेला बर्फ वितळवायला गरम गॅस सोडतात, तेव्हा लाइनीवर दाब येतो, तेव्हा या. त्यांच्या हातातल्या यंत्राचा आकडा जेमतेम हलला. चिंधी भिजवून धरली, पिवळी. ते काहीतरी लिहून घेऊन गेले.

आठव्या दिवशी नोटीस आली. पुण्याच्या वकिलाचा कागद, जाड, इस्त्री केल्यासारखा. "आपण आमच्या अशिलावर पाइपच्या खरेदीत आतल्या आत पैसे खाल्ल्याचा धादांत खोटा व हेतुपुरस्सर आरोप करून तो तीन ठिकाणी प्रसृत केला आहे." अब्रुनुकसानी. भारतीय न्याय संहिता, कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत कैद. पंधरा दिवसांत लेखी माफी, नाहीतर फौजदारी फिर्याद.

सावित्रीने कागद तीनदा वाचला. पैसे? पैशाचं तिने कुठे लिहिलं होतं?

त्या दिवसापासून तिला बसवेना. जेवताना उठून दाराची कडी बघायची, मग पुन्हा ताटावर. खळ्यातून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून खळ्यापर्यंत नुसत्या फेऱ्या. हातात केरसुणी घ्यायची आणि कशासाठी घेतली ते विसरायची. पोस्टमनची मोटारसायकल पलीकडच्या वाडीत वाजली तरी दारात येऊन उभी राहायची. सकाळी जोडांपाशी आकडे मोजताना अकरावरून एकदम सोळावर जायची आणि मग स्वतःवरच चिडून पुन्हा एकपासून सुरू करायची. चिंधी मात्र लाल होत राहिली.

धाकूचा फोन दिवसातून चारदा. "माझं नाव सांग त्यांना. मी टाकलंय ग्रुपवर. मला घालू दे आत."

"आत जाऊन काय करणार तुम्ही? तिथंही चहाच उकळाल," ती म्हणाली आणि फोन ठेवून परत विहिरीकडे निघाली.

नोटिशीच्या दहाव्या दिवशी लेबर ठेकेदार बाळा घरी आला. शेजारच्या गावचा, मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवरही तो होताच. फोटो साहेबांच्या टेबलावर त्यानेच पोचवला होता हे सगळ्या लाइनीला माहीत होतं. त्याने खिशातून छापील कागद काढला.

"वयनी, एक सही करा आणि विषय संपवा. कशाला कोर्टाची पायरी?"

तिने वाचलं. 'माझी तक्रार खोटी असून गैरसमजातून केली आहे. ती मी बिनशर्त मागे घेत आहे.'

"पाइप बदललान?" तिने विचारलं.

"बदलतील हो. आधी सही."

"बाळा, तुझी आई मुसळ बघून काय म्हणायची रे? किड्यान मुसळ खाल्लान. मग काय किड्यावर केस केलीत?"

बाळा खाली बघून हसला. "मला माहीत असून काय उपयोग? वाचणारा पुण्याचा."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मला माझे ठेके बघायचेत, वयनी."

पेन तिच्या हातात होतं. सही केली असती तर रात्री डोळा लागला असता. लेकीच्या सासरी कोणी विचारलं नसतं. कामही राहिलं असतं. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सही केली की अर्ज खोटा. अर्ज खोटा, तर पाइप खरा. म्हणजे चांगला. मग तिसऱ्या जोडाखाली उद्या राहीला परत बसवायला हरकत नाही, असंच होतं ना? हा हिशेब तिला कुठूनही सुटेना.

"पेन ठेवून जा," ती म्हणाली. "कागद घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती रत्नागिरीला कोर्टात गेली. विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत फुकट वकील मिळतो असं राहीने कुठेतरी वाचलं होतं. मिळाली ती तेजस्वी, पावसची, तिशीतली. तिने अर्जाची प्रत वाचली, मग नोटीस वाचली आणि एकदम हसत सुटली.

सावित्रीला राग आला. "हसण्यासारखं काय आहे, मॅडम?"

"माफ करा, मावशी. माझी आजी म्हणायची, खारान खिडकीचे गज खाल्लान." तिने डोळे पुसले. "यांनी तुमच्या खाऱ्या वाऱ्याला भ्रष्टाचारी केलंय."

मग मात्र ती गंभीर झाली आणि कागदावर तीन गोल काढले. एकात निरीक्षक, दुसऱ्यात लाइनीचा ग्रुप, तिसऱ्यात मंडळ.

"हे बघा. ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी होत नाही. कायद्यातच तसा अपवाद आहे. नाहीतर तक्रार करायला माणूस धजेल कसा? हा पहिला गोल आपला. दुसरा, ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांना त्यांच्या भल्यासाठी सावध केलंत. तोही अपवाद. आपलाच." तिसऱ्या गोलावर ती पेन टेकवून थांबली. "हे एकशे बासष्ट लोक मात्र ना चौकशी करणार, ना पाइपाखाली बसणार. इथे आपल्याला जपून चालायला हवं."

"आमच्या ह्यांनी कौतुकान टाकलान," सावित्री म्हणाली.

"कौतुकाचा अपवाद कायद्यात नाहीये, मावशी." तेजस्वीने वहीचं पान उलटलं. "आणि सद्भावना म्हणजे नुसतं मन साफ असून भागत नाही. काळजीने खात्री करून बोललात हे दाखवावं लागतं. खात्री कशी केलीत?"

सावित्रीने चिंधीचं सांगितलं. मग जरा संकोचून कॅलेंडरचं.

"ते कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि मला आणून द्या," तेजस्वी म्हणाली. "आजच. पावसला येणाऱ्या बसमध्ये कंडक्टरजवळ दिलंत तरी चालेल."

"दूधवाल्याचं म्हणतात आमच्याकडे त्याला," सावित्री म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

माफी गेली नाही, फिर्याद आली. नव्या कायद्याप्रमाणे दखल घेण्याआधी न्यायाधीशांनी समोरच्याचं ऐकायचं असतं, म्हणून जानेवारीत तारीख लागली. सावित्री लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसून आली. साडेदहाची वेळ, पुकारा झाला सव्वा वाजता. तोवर ती कोर्टाच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. दुसऱ्या टोकाला गुरुप्रसाद साहेब तसेच चालत होते. मध्यावर दोघे समोरासमोर येत, नजर चुकवत आणि वळत.

न्यायाधीश बाई विदर्भातल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला.

"खाल्लान म्हणजे?"

पुण्याचे वकील उठले. "म्हणजे खाल्ले. आधीच्या वाक्यात माझ्या अशिलाचं नाव आहे, त्यामुळे खाणारा कोण हे उघड आहे."

तेजस्वी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे क्रियापदाला शेवटी न लागतो. कोणीतरी केलं एवढंच तो सांगतो, कोणी ते नाही. वाळवीन दार खाल्लान. उंदरान पोतं खाल्लान." तिने कॅलेंडर पुढे केलं. "आणि हे पाच महिने कोण खात होतं, त्याची ही रोजची नोंद."

बाईंनी ठिपके पाहिले. मग सरळ सावित्रीला विचारलं, "पाइप कोणी खाल्ला?"

"खारान, मॅडम. आणि गंजान." तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "साहेबांनी ऐकलान नाय, एवढंच त्यांचं. खाल्लान त्यांनी नाय."

"मग माफी मागायला तुमची हरकत काय?" पुण्याच्या वकिलांनी विचारलं.

सावित्री बाईंकडे वळली. "शब्दाची मागते," ती म्हणाली. "कुठं सांगाल तिथं लिहून देते. मंडळाच्या ग्रुपवरही देते. पाइपाची नाय मागणार. तो अजून तसाच आहे. आज सकाळीही लाल झाली चिंधी."

बाईंनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. निरीक्षकांकडे केलेल्या तक्रारीबाबत फिर्याद कशी उभी राहते ते फिर्यादीने आधी पटवावं, असं त्या म्हणाल्या.

व्हरांड्यात गुरुप्रसाद साहेब आपल्या वकिलांना सोडून मागे राहिले. हातातल्या फायलीची नाडी सोडत आणि बांधत होते.

"बाई, तो पाइप बदला म्हणून मी हेड ऑफिसला तीनदा लिहिलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "तीनदा नाही म्हणाले. आणि वरून तुमचं पत्र आलं. बाळा म्हणाला, अख्ख्या मंडळात तुम्हाला खाऊ ठरवलंय. माझे वडील मास्तर होते हो. मला झोप लागली नाही."

"मलाही नाय लागली."

"तुम्ही नुसतं गंजलाय असं लिहिलं असतंत..."

"तुम्ही नुसतं सांगितलं असतंत, मी पण तीनदा लिहिलंय म्हणून," ती म्हणाली. "तुमचं लिहिलेलंही मी अर्जात घातलं असतं. आपण दोघं मिळून सहा झालो असतो."

त्यांनी नाडी आवळली आणि ते गेले. पण चौथ्या दिवशी सकाळी सात चाळीसला निरीक्षक हॉलच्या दारात उभे होते. त्यांना ती वेळ कोणी कळवली ते सावित्रीने विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. यंत्र वाजलं. चिंधी सगळ्यांच्या देखत लाल झाली आणि कोणीतरी मागून म्हणालं, "लागलं गो लगीन." कोणीच हसलं नाही.

त्याच दिवशी लाइन थांबवून तिसऱ्या जोडाचा तुकडा कापला. वेष्टणाच्या आतून पापडासारखा झालेला, बोटाने दाबला तर चुरा. गुरुप्रसाद साहेबांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या केबिनमध्ये ठेवला. फेब्रुवारीच्या तारखेला फिर्याद मागे घेतली गेली. मोबदल्यात मंडळाच्या ग्रुपवर खुलासा द्यायचा होता. तेजस्वीने चार ओळींचा मसुदा करून दिला, पण धाकूने तोवर आपला स्वतःचा टाकला होता: "खाल्लान म्हणजे गंजान खाल्लान. साहेबांनी नाही. साहेब सज्जन आहेत. कृपया नोंद घ्यावी." एकशे चार अंगठे. बाळाचाही एक.

पहिले दोन जोड जुनेच राहिले. हेड ऑफिसला विचारलंय, असं साहेब म्हणतात, आणि हल्ली ते कागदच दाखवतात. सावित्रीची मार्चपासून पॅकिंगच्या खोलीत बदली झाली. का, ते कोणी लिहून दिलं नाही. तोंडी सांगितलं, तिथे माणूस कमी आहे. पॅकिंगची पाळी साडेआठची. ती अजून सात चाळीसलाच येते. टोपी नाही, गमबूट नाहीत, दारात उभी राहते आणि आता राहीला चिंधी भिजवून जोडांपाशी धरताना बघते. राही घाईने मोजते. सावित्री बाहेरून तिच्या बरोबरीने मोजते, आणि तिचे वीस होईपर्यंत जागची हलत नाही.

फिर्याद मागे घेतली त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर धाकूचा फोन आला होता. मागे कँटीनमधली भांडी वाजत होती. तो ओरडून विचारत होता, "जिंकलीस काय गो? जिंकलीस काय?"

ती उन्हात उभी राहून बसस्टँडचा रस्ता बघत होती.

"ते राहू द्या. शिमग्याला याल तेव्हा पावशेर हळद आणा. घरातली संपली."